समुद्रातल्या त्रेचाळीस पिना

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. गुडघा कसा आहे? भाऊजींना म्हणावं, जिन्याची घाई करायला लावू नका तिला. माझा खोकला गेला, पण बसलेला आवाज अजून उठायचं नाव घेत नाही. शाळेच्या ग्रंथालयाच्या खिडकीची कडी तू तिथे नोकरीत होतीस तेव्हापासून मोडकी होती, ती अखेर दुरुस्त झाली.

तू अभिनंदन केलंस. बक्षिसाचा फोटो फ्रेम करून घेतला, असंही लिहिलंस. त्यावर काय लिहावं ते सुचेना, म्हणून पाच दिवस कागद तसाच पडून होता.

आधी ज्या नकाशासाठी बक्षीस मिळालं तो काय आहे ते सांगते. मुलाने पुस्तक वाचायचं, आणि गोष्ट जिथे घडते तिथे संगणकावरच्या जगाच्या नकाशात आपल्या नावाची पिन लावायची. कल्पना वाईट नव्हती, खरंच. पहिले दोन आठवडे मुलं वाळवंटं आणि बंदरं शोधताना एकमेकांच्या अंगावर पडत होती. मग कुणाच्या पिना जास्त, अशी शाळाशाळांची स्पर्धा लागली आणि सगळ्याचा विचका झाला. वर्गशिक्षक मलपृष्ठं चाळून मुलांना गावांची नावं पुरवू लागले. हेडबाई रोज दारात उभ्या: "आपल्या किती झाल्या?" कुठलं पुस्तक आवडलं, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. पहिल्या तिनांत नंबर आला नाही तर आपली खोली संगणकवर्गाला जाईल, हेही हेडबाईंनी जाता जाता सांगून टाकलं.

झिपरी आठवते? तू निवृत्त झालीस तेव्हा पहिलीत होती, कपाटाला टेकून चित्रं बघायची. आता चौथीत आहे. तू तिला काढून दिलेलं ते हरवलेलं दार शोधणाऱ्या सुताराचं पुस्तक तिने यंदा पाच वेळा वाचलं. त्यात गावाचं नावच नाही. मला विचारायला आली, "बाई, ह्याची पिन कुठे लावू?"

मी म्हटलं, "पत्ता असलेलं पुस्तक घे."

मी म्हटलं, ताई. तुझ्या खुर्चीत बसून. तिने ते परत फळीवर ठेवलं. पिनांच्या तक्त्यावर तिच्या नावापुढे शून्य होतं.

शेवटच्या दिवशी पिना कमी पडत होत्या. मधल्या सुट्टीत मी दार लावून घेतलं, कुणी हात न लावलेली त्रेचाळीस पुस्तकं काढली आणि मागे पडलेल्या मुलांच्या नावावर एकगठ्ठा यादी चढवली. घाईत अक्षांशाच्या रकान्यात रेखांश आणि रेखांशाच्या रकान्यात अक्षांश भरले. सगळ्या पिना भर समुद्रात. कुणाच्या बापाला पत्ता लागला नाही. बक्षीस देताना पाहुणे म्हणाले, "इथल्या मुलांना समुद्राची फार ओढ दिसते." टाळ्या झाल्या. हेडबाई हसल्या, मीही हसले. फोटो त्याच क्षणाचा आहे, नीट बघ.

दुसऱ्या दिवशी झिपरी आली. "बाई, माझ्या नावाच्या सहा पिना पाण्यात आहेत. मी ती पुस्तकं वाचलेली नाहीत."

"असू दे गं. छान दिसतं तुझ्या नावापुढे."

ती वर्गाकडे वळली. मला तेव्हाच स्वतःची किळस आली. ती गिळून मी चहा प्यायला गेले.

महिना झाला, ग्रंथालयाच्या तासाला ती नुसती खिडकीपाशी बसून असते. परवा मी सुताराचं पुस्तक तिच्यापुढे नेऊन ठेवलं. तिने ते उघडलंसुद्धा नाही. म्हणाली, "आता कशाला, बाई? माझी सहा झाली ना."

काल हेडबाईंना सगळं सांगितलं. "मिळालं ना बक्षीस? आता कशाला उकरून काढता?" असं म्हणून त्यांनी पुढची फाईल ओढली. मी स्पर्धेवाल्यांना पत्र लिहिलंय, ते ह्याच्याबरोबर टपालात टाकते आहे. खोली बहुधा जाईल. पोरगी परत पुस्तक उघडेल की नाही, हे मला ठाऊक नाही, आणि त्याचं उत्तर तुझ्याकडेही नसेल.

भाऊजींनी खिळा ठोकला असेल तर तो राहू दे. फोटो तेवढा उतरव.

तुझी धाकटी