‘येतो’ म्हणून गेलेले

५ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ६
नव्या वर्षाचा पहिला डाव. उत्तम झाला. तसं कोणी बोललं नाही, पण चेहऱ्यांवर दिसत होतं.

पुढे कोणी अभ्यास केलाच तर असावं म्हणून लिहून ठेवतो. या खेळात मी गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिघे गोष्टीतली माणसं होतात. काय करायचं ते त्यांनी बोलायचं, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. फाशाच्या वर मी. इंग्रजीत गेम मास्टर म्हणतात. मी ‘सूत्रधार’ म्हणायला सांगितलंय. ते ‘सर’ म्हणतात. चालेल. आठवडाभर शाळेत गणित शिकवतो, सवय आहे.

तिघेही आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला माझ्याकडे येतात. शिवदासचं मेडिकल, अल्पेशचं हार्डवेअर, प्रणाली बँकेत. तीन वर्षं राजा काळदंडाच्या किल्ल्याकडे चाललेत, आज एकदाचे दाराशी पोचले. तिथे शिवदासने द्वारपालाशी गप्पा काढल्या. म्हणे, नाव काय तुझं, जेवलास का. मी सांगितलं, द्वारपालाला नाव नाही. तो फक्त मरतो. माझ्या वहीचं पान ६४. अल्पेश म्हणाला, आणि नाय मारला तर? म्हटलं, मग पान ६५ येत नाही.

साडेचारलाच उठले. बोट चुकेल म्हणाले. जाताना तिघेही ‘येतो सर’ म्हणाले. म्हणजे पुढचा रविवार नक्की.

संकल्प: पान ६४ ते ११० तोंडपाठ. मार्चच्या आत काळदंडाचा वध. कोणावर चिडायचं नाही.

७ जानेवारी, मंगळवार
काळदंडाच्या घराण्याच्या इतिहासावर वीस मार्कांची चाचणी काढून ग्रुपवर टाकली. तिघांच्याही निळ्या टिक्स आल्या. उत्तर नाही. अभ्यासाला बसले असणार.

१२ जानेवारी, रविवार
दोन वाजता शिवदासचा मेसेज. सर, वारा लय हाय, बोट बंद हाय. ओटीवरून खाडीकडे बघितलं. बोट चालली होती. वर दोन रिक्षा आणि एक टेम्पो. ट्रायल घेत असतील.

अनुया घरी नव्हती. दिवाळीपासून बाईसाहेबांना दर रविवारी माहेरी जायचा नाद लागलाय. माहेर आगरदांड्याला. सहाला परत आली. विचारलं, बोट चालू आहे का? म्हणाली, नाही, पोहत आले.

तिला कशाचंच गांभीर्य नाही. तीन वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी तीही खेळायला बसली होती. विहिरीतल्या भुताला तिने, थंडी वाजते का रे, असं विचारलं. अर्ध्या तासात मी तिचं पात्र मारलं. बायको म्हणून सूट नाही. त्यानंतर ती आमचा चहा करायची. दिवाळीपासून तोही बंद.

१९ जानेवारी, रविवार
प्रणालीच्या चुलतबहिणीचा साखरपुडा. अल्पेशचं स्टॉक-टेकिंग. शिवदासचं पोट. तीन वेगवेगळी कारणं, म्हणजे खरी असणार. ठरवून सांगितलं असतं तर एकच सांगितलं असतं. गणितात यांना स्वतंत्र घटना म्हणतात.

एकटाच खेळलो. सगळ्यांचे फासे मीच टाकले. द्वारपाल मेला. मजा नाही आली.

२१ जानेवारी, मंगळवार
वाल काढायला अनुयाची पिशवी उघडली. तळाशी वीस बाजूंचा फासा. लाल. माझे सगळे काळे आहेत. विचारलं, तर माझा आहे म्हणाली. पुढे मी विचारलं नाही. भाच्याला घेतला असेल.

२६ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ५
झेंडावंदन आटपून, जेवून, शिवदासच्या पोटाची चौकशी करायला आगरदांड्याला गेलो. (सूत्रधाराने खेळाडूंची काळजी घ्यायची असते.) दुकान बंद. शेजारचा म्हणाला, तो काय, आवडाबाईंच्या पडवीत, दर रविवारी तिथंच असतोय.

आवडाबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

पडवीत चटईवर तिघे. मध्ये अनुया. पुढ्यात लाल फासा आणि एक चाळीस पानी वही, तीही अर्धी कोरी. मला बघून सगळे उठून उभे राहिले, पण त्याआधी मी दारामागून दहा मिनिटं ऐकलं होतं. यांनी द्वारपालाला जेवायला बोलावलं. त्याने आपल्या हाताने दार उघडून दिलं. किल्ल्यात यांनी खानावळ काढली आहे. आणि काळदंड तिथे वाल सोलतो. माझा काळदंड! सात पिढ्यांचा वंशवृक्ष आहे त्याचा. शिवदास पोट धरून हसत होता. तीन वर्षांत तो माझ्यासमोर असा हसलेला नाही. मला वाटायचं, त्याला दातांचा त्रास आहे.

मी फितुरी म्हणालो. खाल्ल्या घरचे वासे मोजता म्हणालो. कधीपासून चाललंय विचारलं. प्रणाली खाली बघून म्हणाली, दिवाळीपासून, सर. का, तेही विचारलं. शेवटी अल्पेश म्हणाला, सर, तुमच्याकडे आम्ही नुसता फासा टाकतो. वहिनी विचारतात, मग काय करता?

‘जातो मी’ म्हणालो. कोपऱ्यात सासूबाई वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, जातो काय म्हनता जावईबापू, येतो म्हनावं. सवयीने ‘येतो’ म्हणालो आणि चपला घातल्या.

बोटीत बसल्यावर लक्षात आलं की हा शब्द नुसताच तोंडातून निघतो. त्या तिघांचाही तसाच निघत होता.

२७ जानेवारी, सोमवार
अनुयाशी अबोला धरला. तिला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

खरं लिहायचं तर काल जेटीवर रडू आलं. त्या तिघांचं एक सोडा. तिला अशी गोष्ट सांगता येते हे मला माहीत नव्हतं, आणि ते आख्ख्या आगरदांड्याला माहीत होतं.

२९ जानेवारी, बुधवार
ग्रुपवर जाहीर केलं: डाव कायमचा बंद. आता फोनवर फोन येतील. उचलायचे नाहीत.

रात्री ९
तीन अंगठे आले.

३१ जानेवारी, शुक्रवार
अबोला मीच सोडला. मोठेपणा घ्यावा लागतो. अनुया म्हणाली, रविवारी ‘येतो’ म्हणालात ना, मग या की. तेही म्हणतायत. म्हटलं, सूत्रधार म्हणून? म्हणाली, ती जागा भरलीय. द्वारपालाची रिकामी आहे, तो रोज खानावळीत जेवायला येतो. अट एकच, वही आणायची नाही.

शिक्षकाने दिलेला शब्द पाळायला हवा, एवढ्यासाठीच जाणार आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार
द्वारपालाचा पूर्वेतिहास लिहून काढला. अकरा पानं. बालपण, भाल्याची लांबी, काळदंडाशी दूरचं नातं. अनुयाला वाचून दाखवायला घेतलं. पहिल्या पानावरच तिने थांबवलं. म्हणाली, एवढं नको, उद्या फक्त नाव सांगा. शिवदास पहिलं तेच विचारणार आहे.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.४०, दिघी जेटी
नाव सुचत नाही.

काळदंडाच्या सात पिढ्यांना नावं आहेत. त्याच्या घोड्यालाही आहे. तीन वर्षं त्या तिघांना मी नावं ठेवली. या एकाला नाव ठेवायचं राहून गेलं.

बोट लागली. अनुयाने विचारलं, सुचलं का? नाही म्हटलं.