चौथ्या आळीतला खडक

१२ जानेवारी
वही, गेल्या खेपेला काय सांगितलं होतं, आठवतं का? नाय ना! अक्षरं तुझ्या पोटात, आणि ध्यानात ठेवायचं या अंगठेबहाद्दर म्हातारीनं! समीक्षा, नात असलीस तरी हसू नको. लिही.

तर — डोंगर खचतोय, म्हणून आमचा गाव पळसदरीच्या बाजूला नव्या जागी वसवायचाय. नकाशा माझ्या नातवाचा, स्वप्नीलचा. बाकीचे आर्किटेक्ट काचेचे बंगले काढतात. हा वीस वर्षं टेप घेऊन जुनी गावं मोजत फिरतो. विहीर, पार, आळ्या, ओटे — जुन्या लोकांची रचनाच खरी, म्हणतो. त्यापायी एका बिल्डरनं हाकलला. तरी हेका तोच.

१५ जानेवारी
हे वेड मीच लावलं. सात वर्षांचा होता. सुपात तांदूळ पसरून त्याला बोटानं आमचा गाव काढून दाखवला. तीन आळ्या विहिरीला मिळतात, चौथी आधीच वळते.
"आजी, ही का नाय पोचत गं?"
"खडक व्हता रं तिथं. मग फोडला."
खडक नव्हता.

समीक्षानं पेन थांबवलं. लिही म्हटलं.

चौथी आळी हिरूच्या लोकांची. त्यांना आम्ही विहिरीला शिवू देत नव्हतो. हिरू माझ्याच वयाची. कळशी घेऊन वळणावर उभी राहायची, मी वरून पाणी ओतायची. कधीकधी मुद्दाम ताटकळत ठेवायची! पोराला हे कसं सांगू? तो मोठा झाला, तरी नाय सांगितलं.

१९ जानेवारी
स्वप्नील आला. नव्या गावातही चौथी आळी तशीच वळवलीय! कॉलेजात शिकवतो म्हणे — "जुन्या लोकांनी खडकाचाही मान राखला." मी पदर तोंडाला लावला. त्याला वाटलं, कौतुकानं लाजले.
हिरूची घरं परत वळणामागे. पुढच्या रविवारी ग्रामसभेत नकाशा मंजूर होणार. बोलले, तर पोराचं नाव माझ्या थापेपायी जाणार. नाय बोलले, तर —

२२ जानेवारी
आज काय सांगायचं नाय. तारीख तेवढी घाल.

२६ जानेवारी
सभेत उठले. "खडक नव्हता. आमी ह्यांना पानी शिवू देत नव्हतो." स्वप्नीलचा चेहरा उतरला. कोणी म्हणालं, "म्हातारी बरळते."
हिरू काठी टेकत उठली. "खडक व्हता की! हीच उभी ऱ्हायची ना तिथं!"
सभा हसली. मी नाय.
स्वप्नीलनं पेन्सिल काढली, आळी सरळ विहिरीपर्यंत ओढली. माझ्याकडे बघितलं नाय.

२७ जानेवारी
समीक्षा, पेन ठेव नि हिरूकडे जा. म्हणावं, ऐंशी वर्षांत तुझ्या हातचं खाल्लं नाय. तांदळाची भाकर आणि सुकटीचं कालवण पाठव. तुझ्याच भांड्यात.