आजारी नाही, कृतज्ञ आहे

तरसाली, बडोदे
लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी), सकाळचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप वत्सलावहिनींच्या चरणी धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? इंदूरला थंडी पडायला लागली असेल, तर सकाळी गार फरशीवर अनवाणी फिरू नये. संयोगिता आणि जावईबापू मजेत असतील. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि 'सगळे' यात मी धरलेला आहे. हे वाक्य कृपा करून दोनदा वाचावं आणि संयोगितालाही मोठ्याने वाचून दाखवावं, कारण काल तिने आमच्या चिरंजीवाला, पीयूषला, फोन करून 'काकांना कोणत्या वॉर्डात ठेवलंय' असं विचारलं. काका त्या वेळी गच्चीवर आकाशकंदिलाची वायर गुंडाळत होते.

पत्र लिहायचं कारण असं की फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. मी 'वहिनी, जरा ऐका' म्हटलं की तुम्ही 'तू बोलू नकोस हेमू, दम लागेल' म्हणता आणि मंदाला फोन द्यायला सांगता. टपालाने हे रविवारच्या आत पोहोचणार नाही, म्हणून पीयूष पानांचे फोटो काढून संयोगिताच्या मोबाइलवर धाडेल. (अक्षर कापरं दिसलं तर तो पीयूषच्या हाताचा दोष समजावा.) तुम्ही रविवारच्या गाडीचं तिकीट काढलंत, असं कळलं. दादा गेल्यापासून दर दिवाळीला मी तुम्हाला बोलावतो आणि दर दिवाळीला तुम्ही 'बडोद्यात आता माझं काय राहिलंय रे' म्हणून टाळता. आता येताय, तर मी शेवटच्या घटका मोजतोय अशा समजुतीने येताय. खोट्या समजुतीवर तुम्हाला गाडीत बसवणं मला शोभत नाही. सत्य हा पाच यमांपैकी एक आहे आणि तो पाळायचं मी ठरवलं आहे. (यम म्हणजे योगशास्त्रातले. तुम्ही लगेच पदर डोळ्यांना लावू नये.)

तर झालं असं. रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर मी घरी सुपरव्हिजन सुरू केलं. ते मंदाला सोसवेना, म्हणून तिने मला अलकापुरीतल्या एका योगवर्गात घातलं. तिथल्या राजेश्वरीबेन म्हणजे मोठ्या शांत बाई. दिवाळीच्या आधी त्यांनी आम्हा सगळ्यांना सतरंजीवर बसवून सांगितलं, की आसनं कोणीही करेल, खरी परीक्षा सणात असते. आपण सणातून असे पळतो की पाठीमागे कुत्रं लागलंय, आणि भाऊबीज झाली की सोफ्यावर आडवे होतो. या वर्षी सगळं सावकाश करा. आहे त्यात संतोष माना. आणि ज्या माणसाने आपल्यासाठी काही केलं आणि आपण ते गृहीत धरलं, अशा एकेकाला समोरासमोर, डोळ्यांत बघून, कारणासकट धन्यवाद द्या. कोणाची चुळबुळ दिसली की त्या एवढंच विचारतात, 'उतावळ शेनी छे?' घाई कसली आहे, या प्रश्नाला प्लांटमध्ये असताना माझ्याकडे दर तासाला नवं उत्तर असायचं. त्या दिवशी मी चुळबुळ थांबवली. मी तिथेच ठरवलं, की ही दिवाळी सावकाश करायची म्हणजे करायचीच, आणि त्यात कोणाची गय करायची नाही.

सावकाश दिवाळीची तयारी मी ताबडतोब हाती घेतली. सणात शांतता हवी, म्हणजे कामं आधी उरकायला हवीत. म्हणून वसुबारसेच्या आतच फराळ, झाडलोट, माळे, पंखे, पडदे सगळं संपवायचं फर्मान काढलं. मंदा आणि पीयूष (तो सावली गावच्या कारखान्यातून दमून यायचा) असे धावत होते की दोघांचंही वजन उतरलं. एका संध्याकाळी मंदाने शंकरपाळ्यांची परात माझ्यापुढे ठेवून विचारलं, की ही शांतता नक्की कोणासाठी चालली आहे. मी तिला म्हटलं, आत्ता बोलायला वेळ नाही.

नरकचतुर्दशीला मी पहाटे उठलो आणि अभ्यंगस्नान पूर्ण जाणिवेने करायला बसलो. तेलाचा थेंब कुठून कुठे जातो ते पाहिलं, उटण्याचा वास एकेका श्वासात घेतला, पाण्याचे आभार मानले, मग पाणी ज्याने आणलं त्या पाइपाचे मानले. बाहेर पीयूष दार वाजवत होता. सूर्योदयानंतर आंघोळ केली तर नरकात जावं लागतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलेलं. शेवटी मंदा बाहेरून म्हणाली, की तुम्हाला जायचंय तर जा, पण आम्हा दोघांना का बरोबर नेताय? मी बाहेर आलो तेव्हा चांगलं लख्ख उजाडलं होतं. दोघांनी नरकातलीच आंघोळ केली आणि माझ्याशी न बोलता फराळ केला. मी एक चकली घेऊन बराच वेळ तिच्याकडे पाहत बसलो, कारण खाण्याआधी अन्नाकडे पाहावं असं सांगितलेलं आहे. मंदाने ते स्वयंपाकघरातून टिपून ठेवलं.

धन्यवादाची सुरुवात अर्थातच घरापासून केली. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मंदा नैवेद्यापुरते ताजे अनारसे तळत असताना मी तिच्यासमोर उभा राहिलो, डोळ्यांत पाहिलं आणि म्हणालो, की इतकी वर्षं रात्रपाळीहून आल्यावर मला गरम जेवण मिळालं, ते तू केलंस, आणि मी कधी काही बोललो नाही. मंदाने गॅस बंद केला. ऐन अनारशात गॅस बंद करणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. ती म्हणाली, 'काय लपवताय माझ्यापासून?' मी म्हटलं, काही नाही, कृतज्ञता आहे. ती तडक आतल्या खोलीत गेली आणि माझा खण उपसून रक्ताचे रिपोर्ट शोधू लागली. गेल्या वर्षीचे सापडले. त्यात सगळं नॉर्मल होतं, त्यामुळे यंदाचे मी कुठेतरी दडवले आहेत याची तिला खात्री पटली. लक्ष्मीपूजन तिने लाल डोळ्यांनी केलं. त्या लाल डोळ्यांचं मी धुराशी नातं जोडलं, हे मान्य करतो.

पाडव्याला, म्हणजे इथल्या नव्या वर्षाला, बेसतं वरसला, काय चालतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळपासून घरोघर जायचं, दारातून 'साल मुबारक' म्हणायचं, खुर्चीच्या कडेला टेकायचं, मुखवासाची चिमूट घ्यायची आणि उठायचं. मी ठरवलं की यंदा एकच घर, पण मनापासून. समोरच्या प्रतापसिंहरावांकडे गेलो. आमच्या दोघांचं कडुलिंबाखालच्या सावलीतल्या जागेवरून (तिथे गाडी कोणी लावायची) किती काळ वाकडं आहे, ते आता सोसायटीतही कोणाला आठवत नाही. मी सोफ्यावर मागे टेकून बसलो. पाहुणे आले नि गेले, पुन्हा दुसरे आले नि गेले, मी बसलेलाच. प्रतापसिंहरावांना वाटलं मी भांडायला आलोय, म्हणून ते उभेच राहिले. मग मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, 'तुमचं घर समोर आहे म्हणून मी रात्रपाळीला निर्धास्त जात असे, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.' वहिनी, दरबारी घराण्यातला हा माणूस, स्वतःच्या मुलीच्या पाठवणीलाही ज्याची मिशी हलली नाही, तो मटकन खाली बसला. म्हणाला, 'हेमचंद्रराव, आजपासून ती सावली तुमची.' मग अगदी हळू आवाजात त्यांनी मला विचारलं, की डॉक्टरांनी किती मुदत दिली आहे. मी निक्षून सांगितलं की मी ठणठणीत आहे. (सावलीत गाडी लावून झाल्यावर सांगितलं, पण सांगितलं.) त्यावर ते म्हणाले, याला म्हणतात मर्द.

मग सोसायटीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? दुपारपासून माणसांची रीघ लागली. माझ्या सावकाश दिवाळीला इतकी माणसं आली की खुर्च्या शेजारून आणाव्या लागल्या आणि मंदा सतत चहाच्या आधणापाशी उभी. शहाळी आली, डाळिंबं आली. शेजारच्या दक्षाबेन मगनुं पाणी घेऊन आल्या (मुगाचं पातळ कढण, इकडे आजाऱ्याला देतात) आणि 'हिंमत राखजो, हेमचंद्रभाई' म्हणून समोर बसल्या, वाटी संपेपर्यंत. ऐन पाडव्याला लोक माझ्यासमोर चिरोटे खात होते आणि मी मुगाचं पाणी पीत होतो. पण मी मागे हटलो नाही. प्रत्येक घोटाला संतोष मानला आणि दक्षाबेनना डोळ्यांत बघून धन्यवाद दिले. त्या पदराने डोळे पुसत घरी गेल्या आणि संध्याकाळी आणखी एक पातेलं घेऊन आल्या.

राजेश्वरीबेनना मी फोन करून तक्रार केली. त्या पुष्कळ हसल्या आणि म्हणाल्या, की ज्याला कोणी कधी धन्यवाद दिले नाहीत त्याला ते पचायला वेळ लागतो, तुम्ही थांबू नका. मी कसला थांबतोय? भाऊबीजेला सकाळी तुम्हाला फोन लावला.

त्या फोनवर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण मी काय बोललो ते तुम्ही नीट ऐकलं नाहीत, म्हणून इथे लिहितो. आई गेली तेव्हा मी लहान होतो आणि दादा मला तुमच्याकडे प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये घेऊन आले. तुमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. दिवाळीच्या पहाटे तुम्ही मला उठवायला यायचात आणि म्हणायचात, 'झोप अजून थोडा, बंब तापायचाय.' वहिनी, बंब केव्हाच तापलेला असायचा. पाण्याचा आवाज मला पांघरुणातून ऐकू यायचा. दादांना ड्यूटीवर जायची घाई असायची, अंगण सारवायचं असायचं, आणि तरी तुम्ही मला ती थोडी झोप द्यायचात, कारण आईवेगळं पोर पहाटे जास्त रडतं हे तुम्हाला न सांगता कळलं होतं. राजेश्वरीबेन महिनोन् महिने जे शिकवतायत ते मला तिथेच मिळालं होतं. एवढंच मला सांगायचं होतं. मी सांगितलं. मग तुम्ही विचारलंत, 'रिपोर्ट कधी आले?'

त्यानंतर तुम्ही मंदाला फोनवर घेतलंत आणि तिने खरं तेच सांगितलं, की हे तासन् तास गप्प बसतात, खाण्याआधी चकलीकडे बघत राहतात, भेटेल त्याचा निरोप घेतल्यासारखं बोलतात. यातला एकही शब्द खोटा नाही. त्यावर तुम्ही तिकीट काढलंत, त्यात तुमची काही चूक नाही.

तेव्हा आता स्पष्ट लिहितो. मला कुठलाही रोग नाही. साखर ठीक, रक्तदाब ठीक, जिना चढताना धाप लागत नाही. तुमचा गुडघा दुखरा, प्रवास लांबचा. माझ्या काळजीने तुम्ही निघाला असाल तर त्या काळजीला काही आधार नाही, आणि तिकीट रद्द करावं, हे सांगणं माझं कर्तव्य आहे. ते मी केलं. संयोगिताला आशीर्वाद. तुमच्या पायांवर डोकं ठेवून थांबतो.

तुमचा,
हेमू

ता. क. तिकीट कसं रद्द करायचं ते पीयूषला मोबाइलवरून येतं. ते त्याने संयोगिताला सांगू नये, अशी मी त्याला ताकीद दिली आहे.

ता. क. २. वहिनी, हे मी मंदा लिहितेय. यांची प्रकृती चांगली आहे, कालच डॉक्टरांना दाखवून आणलं. पण ते तिकिटाचं वाक्य यांच्याने लिहवेना. दोनदा उठून पाणी प्यायले आणि मग मलाच लिही म्हणाले. मी साफ नाही म्हटलं. तुमच्यासाठी पुढची खोली मोकळी केली आहे, तिथून न्हाणीघर जवळ पडतं.

ता. क. ३. मंदा आत गेली आहे. सत्य सांगून झालं, आता मनातलं सांगतो. गेली चार वर्षं मी ठणठणीत आहे असं दर दिवाळीला कळवत आलो, आणि तुम्ही एकदाही आला नाहीत. ठणठणीत राहून माझा काय फायदा झाला? तेव्हा वरचं सगळं वाचू नका. रविवारी मी स्टेशनवर येतोय, चांगला तरातरा चालत येईन. पण तुमचा डबा समोर आला की पीयूषच्या खांद्यावर हात टाकून उभा राहणार आहे.