भाऊचं रक्त, प्राचीचं साक्षगंध

८ जाने., अनसिंग
नागपूरहून परत. माझा ब्लड कॅन्सर औषधानं दबलाय, पण तसा दबून राहणार नाही म्हणे. हाडांतला रक्त बनवणारा गर, बोनमॅरो, बदलावा लागेल. सख्ख्या भावाचा जुळला तर उत्तम. तिथल्या डॉक्टर बाईंच्या संशोधनाला रक्त दिलं होतं, त्यातही एक निघालं. मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांना 'गप बस' सांगणारे पेशीतले बारके हुकूम. ते घडवणाऱ्या एका जनुकात माझं एक अक्षर वेगळं. धडधाकट माणसांतही असतं. धोका जरासा वाढतो, एवढंच. रोग त्यानंच झाला असं कुणी सांगत नाही.

१० जाने.
माझी अक्कल शेण खायला गेली. थोरल्या भाऊला फोनवर ते अक्षर सांगून बसलो. त्याच्या पोरीचं, प्राचीचं साक्षगंध ठरलंय, साखरपुडाच तो. इकडे सिकलसेलचं, त्या रक्ताच्या आनुवंशिक रोगाचं, कार्ड पाहिल्याशिवाय सोयरीक होत नाही, ते बरंच आहे. पण यानं हेही तसलंच धरलं.
"मह्या रक्तात निघालं त पोरीच्या कार्डावर येईन. मी नाई देत रक्त."
म्हटलं, ही तपासणी वेगळी, फक्त जुळतं का ते पाहतात.
"मास्तर हायस त शाळेत शिकव."
नालायक.

१५ जाने.
तोंडाला मास्क लावून त्याच्या घरी गेलो. वहिनीनं चहा दिला. सगळ्यांना एकसारखे कप, मला कोनाड्यातला वेगळा. माझ्या बापानं गावात हेच सोसलं. चहा तसाच ठेवून उठलो.

१९ जाने.
सुनीता म्हणते, "तुमी लहाने. पाय धरा त्याईचे." मेलो तरी धरणार नाही, म्हणालो. ती रडत आत गेली. बायकोला असं बोलायला नको होतं. पण पाय नाहीच.

२३ जाने., नागपूर
भाऊ दवाखान्यात हजर! प्राचीनं आणला. पोरीनं होणाऱ्या सासऱ्याला स्वतःच फोन केला: "काकाले ब्लड कॅन्सर हाय, पप्पा रक्त देऊन राह्यले. सोयरीक मोडाची असन त मोडा." तिकडून अजून काही उत्तर नाही.
भाऊनं माझ्याकडे न बघता बाही वर केली. जाताना म्हणाला, "जुळलं त देतो. पण तुह्या घरी पाय ठेवत नाई."
"नको ठेवू."
रिपोर्ट यायचाय. जुळलं तर यापुढे माझ्या अंगात रक्त बनेल ते या माणसाचं, जन्मभर. माफ तर मी त्याला केलेलंच नाही. तरी दुपारपासून एकच घोकतोय, जुळू दे.