तहहयात की कायमचे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा दगडावर अक्षरे कोरणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय सांगून लिहवून घेत आहे. डोळे अधू आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

कलम एक. बँकेतली शिल्लक मुलाला. त्याला धुळीचे वावडे, म्हणून धंदा त्याच्या गळ्यात मारत नाही.

कलम दोन. छिन्न्या व हातोड्या समोरच्या दुकानदाराला, ज्याने तीस वर्षे माझी अक्षरे चोरली. काटकोन तपासायचा गुण्याही त्यालाच द्यावा. त्याच्या ओळी अजून तिरक्या जातात.

कलम तीन, घर. इथे जरा सविस्तर लिहितो.

मेहुणे वारले तेव्हा त्यांच्या स्मृतिशिलेवर धाकट्या बहिणीने ‘इटर्नल’ हा इंग्रजी शब्द कोरायला सांगितला होता. माझ्या हातून त्यातला ‘आर’ कोरायचा राहिला. ती शाळेत इंग्रजी शिकवणारी. सगळ्यांसमोर म्हणाली, “दादा, एवढा एकच शब्द मागितला होता.” चूक माझी होती. तरी मी म्हणालो, “मग दुसऱ्याकडून कोरून घ्यायचा होतास.” अकरा वर्षे बोलणे बंद.

गेल्या वर्षी माझी नजर अधू झाली. मुलाने कळवले, तशी ती पिशवी घेऊन आली आणि राहिली. एका दुपारी मी विचारले, “त्या शब्दाचा अर्थ काय गं? शेकडो वेळा कोरला, कधी विचारलं नाही.”

“कायमचा, न संपणारा. लॅटिनमधून आलाय. पण त्याच्या मुळाशी जो शब्द आहे, त्याचा अर्थ आयुष्य. आपला ‘आयु’ त्याचाच भाऊबंद.”

“म्हणजे कायमचं म्हणजे आयुष्यभराचं?”

“आधी तेवढंच असावं. पुढे माणसांना ते पुरेना.”

मी नवी शिला करवून देतो म्हणालो. ती म्हणाली, “नको. तिथं गेले की ते राहिलेलं अक्षर मी बोटानं काढते. सवय झालीय.” मग मी तिची माफी मागितली.

वकिलांनी विचारले, “घर बहिणीला तहहयात द्यायचं की कायमचं? तहहयात म्हणजे त्या असेपर्यंत, नंतर मुलाकडे.” मी म्हणालो, “माझ्या लेखी दोन्ही एकच.” ते म्हणाले, “कायद्याच्या लेखी नाही.” म्हणून स्पष्ट लिहितो: घर बहिणीला पूर्ण मालकी हक्काने, विकण्याच्या अधिकारासह. मुलाला विचारले आहे. तो म्हणाला, “आत्याला द्या, बाबा. मला विचारता काय?”

वरील मजकूर वकिलांनी मला दोनदा वाचून दाखवला. तो मला मान्य आहे.

साक्षीदार: शेजारचा शिंपी (सही), दाखला देणारे डॉक्टर (सही).

ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये, म्हणून बहिणीला बाहेर बाकावर बसवले आहे. सह्या झाल्या की तिला आत बोलवावे. कलम तीन तिला मीच सांगणार आहे.

ठिकाण: कार्यशाळेची मागची खोली
दिनांक: नऊ मार्च, सकाळी अकरा
(सही)