ठकीची जखम भरताना

११ जानेवारी

जखमेच्या खालच्या टोकाला लाली आहे. वॉर्डच्या सिस्टरने ती पेनने आखून ठेवलीय – पसरते का बघायला. मीही हेच केलं असतं. पण मला काहीच करायचं नाहीये. मेट्रनने पहिल्याच दिवशी बजावलं, "इथे तू आत्या. नात्यातल्या पेशंटला हात लावायचा नाही." बरोबरच आहे. नर्सिंगच्या मुलींना हा नियम दरवर्षी मीच शिकवते.

दादाची एकुलती एक ठकी, चार वर्षांची. हृदयातलं भोक बुजवून वॉर्डात आली तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. हृदय झकास चाललंय. आणि आता हे.

१२ जानेवारी

लाली रेघेबाहेर गेली.

१४ जानेवारी

खालचे टाके सुटले. पू, ताप. पुन्हा थिएटरमध्ये नेऊन जखम उघडून धुतली. आता उघडीच ठेवणार. वर स्पंज, स्पंजाला नळी, नळी मशीनला – आतलं घाण पाणी ओढून घ्यायला.

दादाने मला जिन्यात गाठलं. "तू हेच शिकवतेस ना? मग सांग, साधंच आहे ना हे?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"त्यांचं मला कळत नाही. तू सांग."

त्याला फक्त 'हो' हवं होतं. तो तसाच खाली उतरून गेला.

१७ जानेवारी

वहिनीने विचारलं, जखम सरळ शिवून का टाकत नाहीत. सांगितलं – वरून शिवली तर घाण आत कोंडते. तळापासून भरत वर यायला हवी. आधी साफ होते, मग लाल दाणेदार मांस धरतं, कातडी सगळ्यात शेवटी.

"आणि मांस धरलंच नाही तर, ताई?"

वर्गात हा प्रश्न अजून एकाही मुलीने विचारलेला नाही.

२३ जानेवारी

धरत नाहीये. तळ फिकट, निस्तेज. ठकी दोन घास खाते आणि तोंड फिरवते. आज नळीकडे बोट दाखवून म्हणाली, "आत्या, हे मशीन माझं काय पितं?"

"खराब पाणी."

"मग त्याला उलटी होईल."

२७ जानेवारी

हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. त्यांना ऑपरेशनच्या वेळीच शंका आली होती. लहान मुलांच्या हृदयावर एक ग्रंथी असते, शरीराच्या राखणदार पेशी तिथे तयार होतात. ठकीची ती जेमतेम नखाएवढी. म्हणून तेव्हाच रक्त तपासायला पाठवलं होतं. रिपोर्ट आला – एका गुणसूत्राचा बारीकसा तुकडा जन्मापासूनच नाही. हृदयातलं भोक, सारखी सर्दी, आता चिघळलेली जखम – सगळ्याचं मूळ हे.

तिसऱ्या वर्षाला हे मी शिकवते. एक परिच्छेद आहे. दहा मिनिटांत उरकतो.

"औषध?" दादाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, हरवलेला तुकडा परत बसवता येत नाही. संसर्गापासून जपायचं. काही लसी तर टोचायच्याच नाहीत.

बाहेर आल्यावर आई वहिनीकडे न बघता म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं काही नाही हो." वहिनी पिशवी आवरत राहिली.

२ फेब्रुवारी

दादा-वहिनीचं रक्त घेतलं. बाकावर आईचं चालूच – "हिच्या माहेरी एक काका ऐन तरुणपणी गेला."

"तो स्कूटरवरून पडून गेला, आई," वहिनी म्हणाली.

मला हसू आलं आणि लाजही वाटली. आईला थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं.

९ फेब्रुवारी

ताप हटत नाही. अँटिबायोटिक तिसऱ्यांदा बदललं. माझी जुनी विद्यार्थिनी ड्रेसिंग करत होती, मी काचेबाहेर उभी. एकेक हालचाल बघितली. एकही चूक नाही. मला चूक हवी होती की काय? चूक असती तर सुधारता तरी आली असती.

हात धुतले. पुन्हा धुतले. तेवढंच करता येतं.

१० फेब्रुवारी

ठकीने डोळे उघडले नाहीत. वहिनी तिचे पाय चोळत बसली होती. मी शेजारी बसले.

१२ फेब्रुवारी

ताप उतरला. का, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही.

१६ फेब्रुवारी

वहिनीचा रिपोर्ट स्वच्छ. दादाचा नाही. तोच तुकडा त्याच्यातही नाही.

"लहानपणी मी नाकात बोलायचो, सगळे हसायचे. तेच का हे?"

तेच. हृदय तेवढं सुटलं त्याचं.

तो ठकीच्या खोलीत जाईना. भिंतीला टेकून उभा राहिला. शेवटी वहिनीने त्याचा दंड धरला. "चला आत. तिला राक्षसाची गोष्ट हवीय. मला राक्षसाचा आवाज काढता येत नाही."

डॉक्टर म्हणाले, आजीची तपासणी करायची असेल तर करू, बळजबरी नाही. आई म्हणाली, "माझ्या म्हाताऱ्या रक्तात काय बघायचंय?" आणि चष्मा पुसत बसली.

२८ फेब्रुवारी

वॉर्डच्या सिस्टरने हाक मारली, "मॅडम, या, बघा." हात पाठीमागे धरून वाकून बघितलं. तळाशी लाल दाणे. ताजे, ओलसर. इतकी वर्षं जखमा बघतेय – बाहेर येऊन पायरीवर बसले.

२५ मार्च

ठकी घरी. छातीवर गुलाबी वण उरलाय, ती सगळ्यांना फ्रॉक वर करून दाखवते. दादा दाराशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात धुवायला लावतो. कुणी शिंकलं की वहिनी दचकते. राखणदार कमीच आहेत, पुढेही कमीच असणार. जखम भरली, एवढंच.

वहिनीने विचारलं, "आता पुढे काय होईल, ताई?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

२ एप्रिल

आईने आज वहिनीला जवळ बसवलं. मी तिथेच होते. म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक मुलगी झाली होती. अंग निळं पडायचं तिचं. आठ दिवसांची होऊन गेली. हे आणि मी, दोघांनी कधी कुणाला सांगितलं नाही. तुला बोलत होते ना, तेव्हा मला तीच दिसत होती."

वहिनीने विचारलं, "कुणासारखी होती?"

आईने माझ्याकडे बोट केलं.