शेजारच्याकडून उसने दहा

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला आहे. बाकांखालच्या पेन्सिली शोधून कंबर धरली आहे, वाकले तर तशीच राहीन.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? इकडे सर्व ठीक. दुसरीचा वर्ग माझ्या मुठीत आहे, तेव्हा "हिच्याच्याने महिनाभरही होणार नाही" असं जे तू सगळ्या नातेवाइकांना सांगितलंस, ते आता परत घ्यायला हरकत नाही.

परवा मोठ्या बाई (आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही) माझा तास बघायला आल्या. तास बरा झाला नाही तर सोमवारपासून वर्ग दुसऱ्या बाईंकडे, हे त्यांनी दारातच सांगून टाकलं. मी डगमगले नाही. (खडू दोनदा पडला, पण हल्ली खडूच तसले येतात.) त्या शेवटच्या बाकावर अंग चोरून बसल्या आणि मी फळ्यावर बेचाळीस वजा सतरा मांडलं. दोनातून सात जात नाहीत, मग काय करायचं? शेजारच्याकडून दहा उसने घ्यायचे! अगदी तू सांगायचीस तसंच.

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी भारी आज्ञाधारक. तिने लगेच शेजारणीकडे दहा मागितले. शेजारीण म्हणाली, कालचं खोडरबर अजून दिलं नाहीस, दहा कसले मागतेस! झालं. सगळा वर्ग एकमेकांकडे मागत सुटला. एकाने आपले दहा चोरीला गेले म्हणून भोकाड पसरलं, एक तर कुणी घेऊ नयेत म्हणून वहीवर आडवीच पडली. मी शांतपणे परिस्थिती हाताळत होते. (म्हणजे डस्टर आपटत होते.) तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या चिमुरडीने, जिला शेजारी म्हणून मोठ्या बाईच होत्या, त्यांच्यापुढे वही सरकवली. "बाई, तुम्ही तरी द्या ना दहा. उद्या नक्की परत देते."

मोठ्या बाईंनी पेन उघडलं आणि मुकाट्याने तिच्या दोनावर दहा लिहून दिले.

मग मात्र मी डस्टर ठेवलं. वर्गातल्या बेचाळीस पेन्सिली गोळा केल्या, दहा-दहांचे चार गठ्ठे बांधून दशकाच्या घरात ठेवले, दोन सुट्ट्या एककाच्या घरात, आणि शेजार म्हणजे हे दशकाचं घर असं दाखवून त्यातला एक गठ्ठा सोडला, मग सतरा काढून घेतल्या. पंचवीस उरल्या, बरोब्बर! मोठ्या बाईंचा शेरा असा: "शिस्त नाही. उसनवारी फार. वर्ग यांच्याकडेच ठेवावा." ताई, मी तो चार वेळा वाचला.

तुझी धाकटी

ता. क. शेऱ्याखाली आणखी एक ओळ होती: "सोमवारी भागाकार बघायला येते."

आणखी ता. क. मला भागाकार शिकवताना तू अकरा वेळा पाटी पुसली होतीस आणि मी रडत होते. तू एकदाही आवाज चढवला नाहीस. भागाकार मला येतो गं. बाराव्यांदा पाटी न चिडता कशी पुसायची, तेवढं शिकवायला रविवारी ये.